एकशे अडुसष्ट

दिल्लीत शपथा चालू होत्या
तेव्हा मी गोळ्या मोजत होते.
उपकेंद्राला टीव्ही नाही, पण शेजारच्या सलूनमध्ये आवाज मोठा,
त्यामुळे एकेक नाव ऐकू येत होतं
आणि एकेका नावाला माझी एक स्ट्रिप मोजून होत होती.
आरोग्य कुणाकडे गेलं
ते मात्र नेमकी लाईट गेल्यामुळे कळलं नाही.

बाळकू ऐवळे. वय चव्वेचाळीस, वजन एक्केचाळीस.
सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहायचा,
आता जत तालुक्यात, बहिणीच्या वस्तीवर, बाजेवर.
पहिल्या दिवशी मी सांगितलं,
लघवी नारिंगी होईल, घाबरायचं नाही.
तो म्हणाला, बाई, वीस वर्सं
माझं थुकणंसुदिक पिवळंच हाय.

एकशे अडुसष्ट दिवस, मी म्हटलं, एक चुकवायचा नाही.
त्यानं कोळशानं भिंतीवर रेघा मारायला घेतल्या.
शपथविधीच्या दिवशी एकसष्ट होत्या.

मग पत्रं यायला लागली.
योजनेचे नाव बदलले असून जुनी पत्रके वापरू नयेत.
जुनी पत्रके दोन गठ्ठे. अंगणवाडीतल्या पोरांनी होड्या केल्या,
आमच्याकडे होड्या कोरड्यावरच चालतात.
मग ॲप बदललं. जुन्यात बाळकू ‘उपचार सुरू’,
नव्यात बाळकू सापडेना.
मग तिसरं: खरेदी धोरण पुनर्विचाराधीन आहे,
उपलब्ध साठा काटकसरीने वापरावा.

काटकसर.
मीठ असतं तर केली असती.

जतला गेले. साहेब भला माणूस, चहा पाजला,
म्हणाला, सिस्टर, वरून थांबलंय.
वर म्हणजे सांगली, सांगलीच्या वर पुणे,
पुण्याच्या वर मुंबई, आणि सगळ्यांच्या वर दिल्लीत
नवे मंत्री म्हणे विषय समजून घेत आहेत.
घेऊ देत. विषय मोठाच आहे.
मला सतरा वर्षं झाली, मलाही पुरता कळलेला नाही.

मी कुणाच्या बाजूची नाही हो.
मागच्यांच्या काळातही एकदा
लसीचा डबा आला होता, आत नुसता बर्फ.
आणि खरं तेच सांगायचं तर नव्यांनी आहाराचे पैसे वाढवले.
बहिणीच्या फोनवर रविवारी मेसेज आला,
तिनं अंडी आणली, शेंगदाणे आणले.
अंडी होती. गोळ्या नव्हत्या.
छातीतल्या जंतूला काळजीवाहू सरकार ठाऊक नसतं,
तो आपला कारभार चालू ठेवतो.

रेघा सत्त्याण्णववर थांबल्या.
तिसऱ्या दिवशी बाळकूनं विचारलं,
बाई, सरकार पडलं म्हंजे गोळ्याबी पडत्यात व्हय?
सरकार पडलेलं नाही, मी म्हटलं, बदललंय.
मग ह्या बदलायच्या राहिल्यात, तो म्हणाला
आणि हसायला लागला, आणि त्याचं हसू खोकल्यात गेलं.

नवव्या दिवशी मिरजेला फोन केला, शकिला इनामदारला.
ट्रेनिंगला आम्ही एका खोलीत होतो, एका साबणावर.
तिच्या वॉर्डात एकाच्या गोळ्या उरल्या होत्या.
कशा उरल्या, मी विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही.
एसटीच्या कंडक्टरकडे डबा दिला, चटणी आहे म्हणून.

वस्तीवर पोचले तर भिंतीवर
सत्त्याण्णव रेघांच्या पुढे नऊ शून्यं.
ही धरायची का न्हाई? बाळकूनं विचारलं.
माझ्या रजिस्टरला तसा रकाना नाही.

इतक्यात फोन वाजला. ॲपात सापडला एकदाचा:
ऐवळे बाळकू, नवीन रुग्ण, दिवस पहिला.
मी वाचून दाखवलं, लपवून काय करायचं.
त्यानं तिन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या, वास घेतला.
चटणीचा येतोय, म्हणाला.
मग गिळल्या, आणि कोळसा शोधायला लागला.

अठ्ठ्याण्णव, तो म्हणाला.